खोखा एक कमी

संध्याकाळचे साडेसहा वाजले होते आणि आम्ही अठ्ठेचाळीस माणसं गुडघ्यांवर बसून वाळू चाळत होतो. फायरिंग चार वाजताच संपलं होतं. रेंज पश्चिम राजस्थानातली. नाव लिहीत नाही, लिहून उपयोगही नाही, वाळू सगळीकडे सारखीच. सकाळी २४० गोळ्या मोजून घेतल्या होत्या, माणशी पाच. संध्याकाळी रिकामे खोखे भरले २३९.

ज्यांनी फौज आतून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. गोळी सुटली की पितळेचं रिकामं नळकांडं रायफलच्या उजव्या बाजूनं बाहेर उडतं. मराठी पेपरवाले त्याला पुंगळी म्हणतात, आमच्याकडे सगळ्या पलटणींत खोखा. गेली तेवीस वर्षं तेच म्हणत आलोय, म्हणून इथंही तेच लिहितो. नियम साधा आहे. जेवढ्या गोळ्या नेल्या, तेवढे खोखे आणि न उडवलेल्या गोळ्या मिळून परत जमा झाल्या पाहिजेत. एक कमी पडला तर गाडी हलत नाही. उजव्या बाजूला ताडपत्री अंथरलेली असते, पण वारा, वाळू आणि नशीब या तिघांपुढे ताडपत्रीचं काही चालत नाही.

शेवटी खोखा सापडला. एका जवानानं कंटाळून तंबाखू मळायला पाउचमधली चुन्याची डबी काढली, तर डबीच्या खाली खोखा. शेजारच्याच्या रायफलमधून उडून थेट ह्याच्या पाउचमध्ये. सगळे हसले. मीही हसलो. अंधारात जेवणाच्या गाड्या सुटल्या.

रात्री झोपताना लक्षात आलं, की त्या दिवशी कोणाच्या किती गोळ्या निशाण्यावर लागल्या हे मला कोणीच विचारलं नव्हतं. वरून फोन तीन आले. तिन्ही वेळा प्रश्न एकच, खोखा मिळाला का?

या गोष्टीवर बरेच दिवस लिहायचं होतं. आधीच सांगतो, नोकरीचे नियम मला माहीत आहेत. इथं जे आकडे देतोय ते सगळे छापून आलेले, संसदेसमोर ठेवलेल्या अहवालांतले. बाकी जे आहे ते माझ्या स्वतःच्या रेंजवरचं, आणि त्यात दोष कोणाचा असेल तर बहुतेक माझाच.

दारूगोळ्याची टंचाई ही काही गुपित राहिलेली गोष्ट नाही. मी भरती झालो तेव्हा कारगिलला तीन वर्षं झाली होती आणि आमचे उस्ताद रात्री त्याच गोष्टी सांगायचे. त्या लढाईत आपल्या तोफखान्यानं सुमारे अडीच लाख गोळे, बॉम्ब आणि रॉकेटं डागली. ती चालू असतानाच त्यावेळचे लष्करप्रमुख जनरल मलिक यांनी उघडपणे सांगितलं होतं, की जे आहे त्यावर लढू. आम्ही पोरं होतो, आम्हाला ते वाक्य मर्दानी वाटायचं. त्यात एक हिशेबही होता, हे पुढं कळलं.

मग २०१५ मध्ये कॅगचा अहवाल आला. चाळीस दिवसांच्या घनघोर लढाईला पुरेल एवढा साठा असावा असा सैन्याचा मापदंड, आणि निदान वीस दिवसांचा तरी हवाच ही खालची रेघ. अहवालाप्रमाणे मार्च २०१३ मध्ये दारूगोळ्याच्या १७० प्रकारांपैकी १२५ प्रकार त्या खालच्या रेघेच्याही खाली होते. निम्मे प्रकार तर दहा दिवसांनाही पुरले नसते. २०१७ मध्ये पुन्हा अहवाल आला, सप्टेंबर २०१६ ची मोजदाद घेऊन. १५२ प्रकारांपैकी ६१ अजूनही दहा दिवसांच्या आत. त्याच सुमारास, उरीच्या हल्ल्यानंतर, तातडीच्या खरेदीचे अधिकार उपसेनाप्रमुखांकडे दिले गेले आणि तेव्हापासून परिस्थिती पुष्कळ सुधारली. हे मी सरकारी पत्रक वाचून सांगत नाही, कोठारातून येणाऱ्या पेट्या पाहून सांगतोय.

पण खरं तेही सांगितलं पाहिजे. त्या यादीत ओरड होती ती मुख्यतः तोफांचे फ्यूज आणि रणगाड्यांच्या गोळ्यांची. रायफलची गोळी ही त्या घरातली धाकटी बहीण, तिच्याबद्दल पेपरात कोणी लिहीत नाही. मात्र घरात धान्य कमी पडलं की धाकट्यांच्या ताटात आधी कमी वाढतात, तसं होतं. साठा वाचवायचा म्हटलं की पहिली कात्री सरावावर. सरावाच्या दारूगोळ्यावर निर्बंध घालावे लागले हेही कॅगनं नोंदवलंय.

आणि आता भाव. मी वरणगावच्या बाजूचा. भुसावळहून फार लांब नाही. तिथं आयुध निर्माणी आहे, १९६० च्या दशकातली, जिथं रायफलच्या गोळ्या बनतात. माझे मामा तिथून निवृत्त झाले. लहानपणी मला वाटायचं गोळी म्हणजे लोखंड. मामांनी सांगितलं, लोखंड कमी, पितळ जास्त. काडतुसाचं पितळ म्हणजे साधारण सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त. म्हणजे तांब्याचा भाव वाढला की गोळी महाग. आणि आत जी दारू असते ती कशाची? कापसाची. सरकीवर जी बारीक लव उरते, तिच्यावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया करून नायट्रोसेल्युलोज बनतं. त्याचीच पुढं दारू. आमच्या खानदेशातली अर्धी रानं कापसाची, आणि त्यातला एक धागा बंदुकीत जातो हे गावात कोणाला माहीत नाही. मामा म्हणायचे, कपाशीला भाव मिळत नाही आणि गोळीला भाव कमी होत नाही, मधलं कुठं जातं कोण जाणे.

२०२२ मध्ये युक्रेनची लढाई पेटली आणि साऱ्या जगाला एकदम आठवण झाली की दारूगोळा बनवायला कारखाना लागतो आणि कारखान्याला कच्चा माल. युरोपातल्या लोकांना कळलं की सरकीच्या लवेसाठी आपण मोठ्या प्रमाणावर चीनवर अवलंबून आहोत. तोफेच्या गोळ्याचा भाव तिकडं दुप्पट-चौपट झाला. आपल्याकडं १ ऑक्टोबर २०२१ ला जुनं आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या. दारूगोळ्याची कंपनी पुण्यात आहे, आणि तिच्याकडं खडकीचा १८६९ सालापासूनचा कारखाना, वरणगाव, भंडारा, चांदा असे आपल्याच मुलखातले बरेच कारखाने आले. मंडळ होतं तेव्हा गोळी एका खिशातून दुसऱ्या खिशात जायची. आता तिचं बिल होतं. बिल झालं की बिलाकडे बघणारा माणूस येतो. त्यात वाईट काही नाही, पण रेंजवर उभं राहिलं की तो बघणारा माणूस खांद्यामागे उभा असल्यासारखा वाटतो.

किंमत नुसती रुपयांत नसते, हेही इथंच लिहितो. २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याच्या निर्माणीत स्फोट झाला, आठ कामगार गेले. त्या दिवशी मामांचा फोन आला होता. ते काही बोलले नाहीत, नुसतं "बातम्या बघितल्या का" एवढंच विचारलं. तेव्हापासून एखादा पोरगा बेफिकिरीनं गोळी वाळूत घालवतो तेव्हा मला जरा जास्तच राग येतो. तर काटकसर मला समजते. तिच्या विरोधात मी लिहीत नाही.

सुट्टीवर गेलो की एक प्रश्न हमखास येतो. पोरं मोबाइलवर व्हिडिओ बघतात. अमेरिकेत लोक म्हणे गॅरेजमध्ये बसून रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरतात, मग काका, फौज का भरत नाही? एवढे खोखे गोळा करता, त्यांचं करता काय?

प्रश्न चांगला आहे. पुन्हा भरायचं म्हणजे जुनी टोपी काढायची, पितळ दाबून मूळ मापात आणायचं, नवी टोपी, मापून दारू, वर नवी गोळी. निशाणेबाजीचा शौक असलेला माणूस एकेक करून हे निगुतीनं करू शकतो, आणि गोळी फुसकी निघाली तर त्याचं नुकसान एका भोकाचं. आमच्या गोळीला सियाचीनच्या थंडीत आणि थरच्या उन्हात सारखंच चालावं लागतं, आणि धडाधड चालणाऱ्या रायफलच्या चेंबरमध्ये एकदा ताणलेलं पितळ दुसऱ्यांदा कुठं फाटेल हे सांगता येत नाही. म्हणून आमचे खोखे परत जातात ते भंगार म्हणून, वितळवायला. आपल्या देशात परवान्याशिवाय घरी काडतूस भरणं हा गुन्हाही आहे, तेव्हा व्हिडिओ बघा आणि सोडून द्या.

आणखी एक. खेळातले नेमबाज ज्या पॉइंट टू टू रायफलनं सराव करतात, तिची गोळी पुन्हा भरताच येत नाही, कारण तिची आग लावणारी दारू बुडाच्या कडेतच भरलेली असते. २०२४ मध्ये पॅरिसला आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं पन्नास मीटरला कांस्य आणलं ते याच गोळीवर. म्हणजे त्या पातळीवर पोचलेल्या प्रत्येक पोरामागं विकत घेतलेल्या हजारो गोळ्या आहेत, एकही पुन्हा भरलेली नाही. कोणीतरी त्या गोळ्यांचे पैसे भरलेत. पदकाच्या बातमीत ते शेवटच्या ओळीत येतं.

आता आमच्याकडं यावं. कमी गोळ्यांत माणूस कसा तयार करायचा, याचं आमच्याकडं मोठं शास्त्र आहे, आणि ते वाईट नाही. मी त्यातच वाढलो. रिकाम्या रायफलवर ड्राय प्रॅक्टिस. नळीच्या टोकावर रुपया ठेवायचा, ट्रिगर दाबायचा, रुपया पडता कामा नये. रुपया पडला की पुन्हा. दहा वेळा न पडता झालं की चहा. रायफल टेकवून घट्ट ठेवायची, समोर कागदावर एक जण पांढरी चकती सरकवतो, शिस्त जुळली की नेम धरणारा "बस" म्हणतो, तिथं टिंब. असं तीनदा. तिन्ही टिंबं जोडली की त्रिकोण होतो, आणि त्रिकोण जेवढा लहान तेवढा माणूस पक्का. एक गोळी न उडवता पोराचा डोळा कसा आहे हे त्या त्रिकोणावरून मी सांगू शकतो. मग पॉइंट टू टूची छोटी रेंज, आणि आता सिम्युलेटर. खोलीत पडद्यावर निशाणं, रायफलला हवेचा झटका, आणि संगणक सांगतो की ट्रिगर दाबताना तुझा हात अर्धा सेकंद आधी हलला. माझे उस्ताद जे अंदाजानं सांगायचे ते हे यंत्र रेघ काढून दाखवतं. सिम्युलेटरला नावं ठेवणारे जुने जेसीओ मी पाहिलेत. मी त्यांतला नाही.

पण एक गोष्ट यातलं काहीच शिकवत नाही, ती म्हणजे दचकणं. खरी गोळी सुटते तेव्हा कानात जे होतं आणि खांद्यावर जे बसतं, त्याची वाट शरीर आधीच बघायला लागतं. ट्रिगर दाबायच्या आधीच डोळा मिटतो, खांदा पुढं येतो, नळी हलते. माणसाला स्वतःला कळतसुद्धा नाही. ज्याच्या रुपयाला दहा दिवस धक्का लागला नाही, त्याची खरी गोळी हात-हातभर लांब जाते. याला औषध एकच. मी रायफल स्वतः भरून पोराच्या हातात देतो, कधी भरलेली, कधी रिकामी, त्याला सांगत नाही. रिकामी असते तेव्हा ट्रिगर नुसता टक वाजतो आणि नळी खाली डोकं घालते. सगळ्यांना दिसतं, पोरालाही दिसतं. तो ओशाळतो, हसतो. मग हळूहळू दचकणं जातं. काहींचं दहा गोळ्यांत जातं, काहींना पन्नास लागतात. पाच गोळ्यांत कोणाचंच जात नाही.

ही पाचाची गोष्ट नीट सांगतो, कारण मला जे म्हणायचंय ते इथंच आहे. गोळ्या कमी आहेत ते माझ्या हातात नाही. कापूस, तांबं, कारखाना, दिल्ली, यातलं काही माझ्या हातात नाही. पण ज्या २४० गोळ्या माझ्या रेंजवर आल्या त्या कशा वाटायच्या, हे आमच्या हातात आहे, आणि ते आम्ही चुकीचं करतो. अठ्ठेचाळीस माणसं, माणशी पाच. सगळ्यांना सारखं. कोणाची तक्रार नाही, रजिस्टर सुंदर दिसतं. पण त्या अठ्ठेचाळिसांत वीस-पंचवीस जण असे असतात की त्यांना झोपेतून उठवून रायफल दिली तरी गोळ्या मुठीत बसतील एवढ्या जवळ मारतील. त्यांना त्या दिवशी दोन गोळ्या पुरतात, हात विसरला नाही एवढं बघायला. आणि पाच-सहा जण असतात ज्यांना प्रत्येकी वीस हव्यात. पंचवीस जणांच्या तीन-तीन गोळ्या वाचवल्या तर पंच्याहत्तर होतात. त्यात ती पाच-सहा पोरं त्याच दिवशी बरीचशी दुरुस्त होऊन जातील. आम्ही ते करत नाही. हिशेब सोपा राहावा म्हणून प्रत्येकाला पाच देतो, चांगल्याची वेळ घालवतो आणि कच्च्याला कच्चाच परत नेतो.

वर्षाच्या कोट्याचंही तसंच. एप्रिलपासून "ठेवा, पुढं लागतील" म्हणून मुठी आवळायच्या. मार्च जवळ आला की कोटा परत जाईल म्हणून घाई. एका पलटणीत मी पाहिलंय, नाव विचारू नका, मार्चच्या एका दुपारी जेवढ्या गोळ्या धडधड करून टेकडीत घातल्या तेवढ्या त्याआधीच्या सहा महिन्यांत सरावाला मिळाल्या नव्हत्या. खोखे मात्र पूर्ण भरले. एकही कमी नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते लिहितो.

दहा-बारा वर्षांपूर्वी मी हवालदार होतो, हत्यारांचा उस्ताद. एक पोरगा होता, आपलाच, घाटावरचा. धावण्यात पहिला, नकाशात हुशार, कामाला वाघ. पण गोळी सुटली की डोळा मिटायचा. वार्षिक फायरिंगमध्ये तो नापास होत होता. पुन्हा फायर करायला जादा गोळ्या मागितल्या, उत्तर आलं, नाहीत, बघून घ्या. "बघून घ्या" याचा अर्थ फौजेत प्रत्येकाला कळतो. मी बटमध्ये गेलो, म्हणजे निशाण्यांच्या खालच्या खंदकात, आणि त्याच्या टारगेटवर पेन्सिलनं चार भोकं पाडली. पेन्सिलचं भोक लांबून गोळीसारखंच दिसतं. पोरगा पास झाला. पलटणीचा निकाल चांगला लागला, मला शाबासकी मिळाली. हे मी एकट्यानंच केलंय असा दावा करणार नाही, आणि सगळे करतात असं म्हणून सुटणारही नाही. पेन्सिल माझ्या हातात होती.

पुढच्या वर्षी आम्ही काश्मिरात गेलो. एका रात्री नाल्याच्या कडेला आमची पार्टी बसली होती, आणि समोरून हालचाल झाली. त्या पोराची जागा अशी होती की त्यालाच आधी दिसलं. त्यानं फायर उघडला, बरोबर वेळेवर उघडला. वीसच्या वीस गोळ्या काढल्या. सगळ्या वरून गेल्या. सकाळी आम्ही बघितलं, समोरच्या अक्रोडाच्या फांद्या माणसाच्या डोक्याच्या बऱ्याच वर छिललेल्या होत्या. तेवढ्या वेळात समोरच्यांचा फायर आला आणि आमच्या एका लान्स नायकाच्या मांडीतून गोळी गेली. तो वाचला. आज पेन्शनवर आहे, गावी दुकान चालवतो, पाय ओढत चालतो.

तो पोरगा दोन दिवसांनी माझ्याकडे आला. मला वाटलं रडेल. रडला नाही. म्हणाला, "उस्ताद, मला ना, आवाजाची सवयच नव्हती हो."

मी त्याला पेन्सिलबद्दल सांगितलं नाही. त्याला माहीत होतं की नव्हतं, तेही मला आजवर माहीत नाही. पुढं तो चांगला सैनिक झाला. पण त्याला त्या वेळी वीस गोळ्या जास्त मिळाल्या असत्या तर? त्याच दिवशी त्याच रेंजवर ज्यांना गरज नव्हती त्यांनी मिळून कितीतरी जास्त उडवल्या होत्या, सरळ मधोमध, आणि मी शेजारी उभा राहून "शाब्बास" म्हणत होतो. टंचाई दिल्लीत होती हे खरं. माझ्या रेंजवर त्या दिवशी गोळ्या होत्या.

मागे एका तरुण कॅप्टन साहेबांशी यावर बोललो. त्यांनी दोन मुद्दे सांगितले, दोन्ही बरोबर होते. एक, खोख्याचा हिशेब ढिला केला तर उद्या खोख्याऐवजी जिवंत गोळी बाहेर जाईल, आणि ती कुठं पोचते हे ईशान्येत आणि काश्मिरात आपण पाहिलंय. मान्य. मी खोखा मोजू नका म्हणतच नाही. खोखा मोजा, पण भोकही मोजा, आणि ज्या रजिस्टरात खोख्याचा रकाना आहे त्याच पानावर कच्च्या माणसांची नावं आणि त्यांना किती जादा दिल्या हे येऊ द्या. दुसरा मुद्दा असा, की कमी-जास्त वाटप केलं तर उस्ताद आपल्या माणसांना जास्त देईल, भांडणं होतील. तेही होईल. पण घरात आजारी पोराला दूध जास्त दिलं म्हणून बाकीची भावंडं भांडतात तेव्हा आई दूध सारखं वाटत नाही, भांडण मिटवते. साहेब हसले. म्हणाले, "सुभेदार साहब, यह लिखकर दीजिए." लिहून दिलं. त्याचं काय झालं ते विचारू नका.

आता नवी हत्यारं येतायत. इन्सासच्या जागी वेगळ्या मापाच्या गोळीच्या रायफली, झटका जास्त, आवाज जास्त. ज्या हातांना पंधरा वर्षं एका रायफलची सवय त्यांना नव्यानं दचकणं शिकून नव्यानं विसरायचंय. त्याला गोळ्या लागतील, आणि त्या गोळ्या महाग आहेत. रायफल विकत घेताना तिच्याबरोबर किती वर्षांच्या सरावाची गोळी घेतली, हे विचारणारे माझ्यापेक्षा मोठे लोक आहेत. मी एवढंच बघतो, की माझ्याकडं जेवढ्या येतील त्यांतली कोणाच्या हातात किती गेली.

या महिन्यापासून माझ्या कंपनीत एक वही केलीये. कोणी सांगितलेलं नाही, कोणी अडवलेलंही नाही. त्रिकोण मोठा ज्यांचा, रिकाम्या रायफलवर नळी हलते ज्यांची, अशी सात नावं त्यात आहेत. त्यांत एक नाव माझ्यापेक्षा चारच वर्षं धाकट्या हवालदाराचं आहे, ते लिहिताना मला जरा जड गेलं. त्यानं स्वतःच सांगितलं, "लिहा साहेब, लपवून काय करू."

परवा पुन्हा रेंज आहे. या वेळी गोळ्या आणखी कमी, २०० च मिळाल्या. चांगले नेमबाज दोन-दोन मारून बाजूला होतील, मधल्यांना नेहमीच्या पाच, आणि उरतील त्या वहीतल्या सातांना. अजून पूर्ण जमलेलं नाही, दहा-बारा गोळ्या कमी पडतायत, आज रात्री पुन्हा मांडणी करायची आहे. क्वार्टर मास्टरकडे ताडपत्र्या दोन मागितल्यात, आणि सगळ्यांना सांगून ठेवलंय की रेंजवर पाउचची बटणं बंद ठेवायची.